पट्टीखालची बोटं

लेकीचा भाजलेला पाय पुन्हा चिघळला होता. सिस्टरने पट्टी सोडली. वरचे थर पांढरेशुभ्र, कोरडे. जखमेला टेकलेल्या गॉजवर मात्र हिरवट पू होता, आणि त्यात चार बोटं उमटलेली.

"कोणी हात लावला?" सिस्टरने आईकडे रोखून पाहिलं. "जंतू रक्तात गेले ना, तर पोर हाती लागायची नाही, बाई!"

आईला आधी नणंदच आठवली. "वन्सं, हात धुऊन या," म्हटल्यावर काल केवढी फणकारली होती! "मी काय उकिरड्यावरून आलेय?" पण पट्टीची एक गाठसुद्धा हललेली नव्हती. मग ही सिस्टर? हिचे तरी हातमोजे स्वच्छ असतात कशावरून?

नवी पट्टी बांधून सिस्टर गेली, तशी आईने खोलीचं दार लावून घेतलं. भरदुपारी, डोळ्यांत तेल घालून ती उशाशी बसली. स्वतःचे हातसुद्धा तिने मांडीवरून हलवले नाहीत.

लेक झोपेतच कण्हली. "आई, पाय एवढा घट्ट नको ना गं धरू."

आईने पाहिलं. पट्टीखाली काहीतरी सावकाश सैल झालं, गुडघ्याच्या दिशेने जरासं वर सरकलं, आणि पुन्हा आवळलं.