वेशीवरचा फलक

कोरियातल्या एका गावच्या वेशीवर दोन खांबांमध्ये ताणलेला फलक वाऱ्याने फडफडत होता आणि शिडीवर चढलेले सरपंच गुक पान्सिक त्याची शेवटची गाठ आवळत होते. खाली उभ्या असलेल्या योनह्वाने मान वर करून वाचलं.

‘अभिनंदन! प्यो जोंगदाल यांची कन्या, बहुसांस्कृतिक कुटुंबाचं भूषण, प्यो योनह्वा हिची राजधानीच्या ऑपेरात नायिका म्हणून निवड! – समस्त ग्रामस्थ’

“फलक छान झालाय, काका,” ती म्हणाली. “ते ‘बहुसांस्कृतिक कुटुंबाचं भूषण’ तेवढं काढा.”

“अगं, तीच तर खरी कौतुकाची गोष्ट,” सरपंच वरूनच म्हणाले. “चारचौघांसारख्या घरातली पोरं काय, गातातच.”

नेमकं हेच तिला बोचत होतं. आई परदेशी असलेल्या घरांना लावला जाणारा ‘बहुसांस्कृतिक’ हा शब्द शाळेत असल्यापासून तिच्या आधी रंगमंचावर जायचा. बहुसांस्कृतिक मुलांच्या गायनवृंदात ती पहिल्यांदा एकटी गायली, तेव्हा तिने तोंड उघडण्याआधीच लोकांनी रुमाल काढले होते. इटलीत शिकताना सगळे तिला सरळ कोरियन म्हणायचे. विमानातून इथे उतरली की ती पुन्हा अर्धी. ही भूमिका मात्र तिला पडद्याआडून गाऊन मिळाली होती. परीक्षकांनी तिचा चेहराही पाहिला नव्हता. एवढ्या एका गोष्टीवर तिला कोणाची दया सांडलेली नको होती.

“त्यांनी माझा आवाज ऐकून मला घेतलंय, काका. घर विचारून नाही.”

“बरं बाई. गाणारणीशी कोण भांडणार? घसा तुझाच मोठा.” सरपंच पुटपुटत खाली उतरले, ते शब्द झाकायला उरलेल्या कापडाची पांढरी पट्टी कापून घेतली आणि पुन्हा शिडी चढू लागले.

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मिरच्या वाळत होत्या आणि आई त्या हाताने पालथ्या करत होती. खकाणा घशात जाईल म्हणून तिने लेकीला मघाशीच लांब उभं केलं होतं. आता तिने फलकाकडे पाहिलं.

“राहू दे ना तेवढं,” आई म्हणाली.

“आई, तुला नाही कळत. त्या शब्दापायी मी...”

“न कळायला काय झालं? माझ्यामुळेच तर तो तुला चिकटला.” आईचा हात मिरच्यांवरून फिरतच होता. “पण तुझे बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फलकावर ते आहेत. तू आहेस. अख्खं गाव आहे. मी आपली त्या एका शब्दातच आहे.”

यात गाऱ्हाणं नव्हतं. आज ऊन चांगलं पडलंय म्हणावं तसं ती म्हणाली. योनह्वाने फलक पुन्हा वाचला. आई लग्न होऊन आली तेव्हा गावाने तिला ‘व्हिएतनामवाली’ म्हटलं आणि लेक झाल्यावर ‘योनह्वाची आई’. आणि लेक तरी काय, मुलाखतीमागून मुलाखतीत नुसतं ‘माझी आई’ म्हणत आली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“पट्टी लावा, काका,” ती म्हणाली.

आईने मान पुन्हा मिरच्यांत घातली.

“आणि पट्टीवर आईचं नाव लिहा. बाबांच्या शेजारीच येतं ते.”

“लिहू की. जागा मोप आहे.” सरपंचांनी पट्टी चिकटवली, खिशातून जाड पेन काढलं, टोपण दातात धरलं. आणि हात तिथेच थांबला. दर हिवाळ्यात ते याच बाईच्या हातचं किमचीचं लोणचं खात आले होते. त्यांची बायको गेली तेव्हा हीच बाई तीन दिवस त्यांच्या घरी राबली होती. त्यांनी टोपण तोंडातून काढलं.

“योनह्वाची आई,” ते जरा ओशाळून म्हणाले, “तुमचं नाव काय हो?”

आई उठली. तिने कमरेला बांधलेल्या फडक्याला हात पुसले.

“ङुएत,” ती म्हणाली. “त्रान थी ङुएत.”

“नुएत,” ‘ङ’चा ‘न’ करत सरपंच म्हणाले आणि लिहायला वळले.

योनह्वा काही बोलणार, तोच आईने हाताने तिला थांबवलं.

“नाही,” आई सरपंचांना म्हणाली. “पुन्हा म्हणा.”