चार टक्के

"चार टक्के उरलेत, ताई," वरून आवाज आला. म्हातारा माणूस होता.

खाली नियंत्रण खोलीत बसलेल्या ताईंनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. सकाळची कचेरीची वेळ, उतरायची गच्ची एक आणि वर घिरट्या घालणाऱ्या उडत्या गाड्या सात. बॅटरी पाच टक्क्यांच्या खाली गेली की आधी उतरायला मिळतं, असा नियम. बॅटरी किती उरली ते मात्र नियंत्रण खोलीत दिसत नाही, चालक सांगेल ते खरं धरायचं. मग काय, आभाळात पाचच्या वर कुणी उरलंच नाही. म्हणून खोलीतल्यांनीही आपलं गणित बसवलं होतं. कुणी चार म्हणालं की चौदा समजायचे.

"तुमचा सातवा नंबर आहे, आजोबा. दोन फेऱ्या मारा."

"बरं, ताई."

पुढच्या गाडीला उतरायची परवानगी देता देता ताईंचा हात थांबला. बरं? सहा वर्षांत त्यांना कुणी नुसतं बरं म्हटलं नव्हतं. लोक तक्रारीची धमकी देत, ओळखी सांगत, गाडीत नसलेलं तान्हं मूल रडवत. म्हातारा खरं बोलत होता आणि त्यांनी त्याला शाळेवरून, घरांवरून फिरायला पाठवलं होतं.

"सगळे बाजूला व्हा, गच्ची मोकळी करा. आजोबा, तुम्ही सरळ खाली या."

सहाही जण एकदम भांडायला उठले. निळ्या गाडीवाल्याने तर आईबाप काढले. शेजारच्या टेबलावरचे सहकारी वळून म्हणाले, "त्यांचंच खरं, हे कशावरून?"

"भांडले नाहीत म्हणून. खोटं बोलणारा असा निमूट थांबत नाही हो."

गाडी हेलकावे खात खाली आली. गच्चीवरच्या माणसाने आत डोकावून कळवलं, "शून्य दाखवतंय, ताई. आजोबा ठीक आहेत."

ताईंचे डोळे भरून आले. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. आणखी एक फेरी झाली असती तर, यापुढे त्यांना विचार करवेना.

तेवढ्यात त्यांचं लक्ष माइकच्या लाल दिव्याकडे गेलं. माइक चालूच राहिला होता. सहकाऱ्यांशी झालेलं त्यांचं बोलणं वरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

"ताई," निळ्या गाडीवाल्याचा आवाज आला, मऊ, लोण्यासारखा. "चारच टक्के आहेत. पण घाई नाही, थांबतो मी."

"मीही थांबते," एक बाई म्हणाल्या. "तीन उरलेत. तुमच्या सोयीने घ्या, ताई."

"बरं, ताई," तिसरा म्हणाला. त्याला अजून कुणी काही सांगितलंही नव्हतं.

ताई स्क्रीनकडे पाहत राहिल्या. सहा ठिपके शिस्तीत गोल फिरत होते. एकही भांडत नव्हता.