सपाट छातीचं चिलखत

लेकीला नाटकात सैनिकाचं काम मिळालं. फोमचं चिलखत खोटं दिसतं, म्हणून बापाने हट्ट धरला: स्वतःच्या अंगावर ओल्या कागदाचे थर देऊन साचाच काढायचा.

"सैनिकाची छाती सपाट हवी, बाबा. माझी नाही, आणि तुमचं तर पोटच पुढे येतं!" लेक म्हणाली.

"मग माझ्यावर काढा," आई म्हणाली. "कॅन्सरने दोन्ही नेल्यापासून माझ्याइतकं सपाट घरात कोण आहे?"

बाप प्लास्टिकचा रोल घेऊन आला.

ऑपरेशननंतर नवऱ्याने तिथे हात लावला नव्हता. आज लावेल, असं तिला वाटलं.

कागद चिकटू नये म्हणून आधी पातळ प्लास्टिक गुंडाळतात. एक वेढा पुरतो. तो मान वळवून गुंडाळतच राहिला.

"बाबा, बास की! अख्खा रोल संपवताय."

"थांब रे," आई नवऱ्याला म्हणाली. "आता काही दिसत नाही."