हातभर बंदूक

धरणाचं पाणी आटून गढूळ झालं होतं. माझा आसाराम मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. बुडी मारणाऱ्यांसाठी तो पुरुषभर लांबीच्या भालाबंदुका मागवायचा कागद लिहायला बसला.

"समुद्रावर एवढीच लागती, आई."

"माजलगावला समुद्र कवा आला रं?"

मी त्याला काठावर नेऊन पाण्यात हात घालायला लावला. कोपराच्या वर बुडवला तर बोटं दिसेनात.

"दिसतंय हातभर, अन् मारायचं पुरुषभर लांब? कावून?"

"आबांनी लांब भाल्यानंच ती मोठी मरळ टोचली होती की. निसटली, ते सोड." बापाची ही गोष्ट त्याला पाठ होती.

मी लुगडं जरा वर घेऊन पोटरीतला जुना खड्डा दाखवला.

"निसटली न्हाई. त्या गढुळात मीच उभी व्हते. आता कागदावर हातभर लिव."