हसरे स्टिकर

"मुलं घाबरतात, म्हणून चेहरे झाकले!" बालवाडीच्या बाई तडकल्या. शाळेच्या व्हॅनवरचे काका सुट्टीत मुलांना आफ्रिकेतल्या लोककथा चित्रं दाखवत सांगायचे. आज पुस्तकातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर पिवळा हसरा स्टिकर होता. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जबडा वासलेला सिंह चालतो, आणि लेकरू कडेवर घेतलेली काळी आई चालत नाही?" "वाद नको. गुपचूप वाचा, नाहीतर उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघते." काकांनी नखाने स्टिकर खरवडला, तर आईचा चेहराच त्याला चिकटून निघाला. वर्गातली सगळ्यात सावळी पोर पुढे सरकली आणि हनुवटी वर करून म्हणाली, "काका, माझा चेहरा बघून आईचा काढा ना." काकांनी खिशातलं पेन उघडलं. "ठेवा ते पुस्तक!" "ओरडू नका बाई, पोर हलतेय. डोळे काढून झाले की व्हॅनची चावी तुमच्या हातात देतो. निघायचंच आहे आता."