काकांचं नाव पाटीवर

"गंगाधर नावाचा कुणी या बोटीवर नव्हताच," हितेंद्र म्हणाला. "कुशाबा सोनू आहे. गाव तुमचंच. हा कोण?"

दत्तारामांनी कॉम्प्युटरकडे वाकून पाहिलं. महायुद्धात बुडालेल्या मालवाहू बोटीवरचे खलाशी. मृतांत कुशाबा.

"माझे वडील," ते म्हणाले. "पण ते आमच्या लालबागच्या खोलीत गेले. गिरणीतून रिटायर होऊन, नातवंडं खेळवून. मीच अग्नी दिला."

हितेंद्र माझगावच्या खलाशी मंडळाचा चिटणीस. युद्धात समुद्रावर गेलेल्या कोकणातल्या खलाशांच्या नावांची पाटी मंडळ उभारणार होतं. दगड येऊन पडला होता, महिनाअखेर नावं कोरायला घेणार होते. दत्तारामांचे गंगाधरकाका त्याच बोटीवर बुडाले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं नाव त्या पाटीवर यावं, एवढ्यासाठी दत्तारामांनी सहा महिने मंडळाचा जिना झिजवला होता.

घरी जाताना भायखळ्याच्या पुलावर दत्तारामांना उलगडा झाला, आणि ते तसेच माघारी फिरले. खलाशाचा दाखला तेव्हा पत्र्याच्या नळीत ठेवत, म्हणून त्या दाखल्यालाच नळी म्हणत. घरात एक नळी असली की भाऊ भाऊ तिच्यावरच बोटीवर चढत. गोऱ्या साहेबाला सगळे सारखेच. वडिलांनी लग्नाआधी एखादी सफर केली होती, म्हणजे नळी त्यांची. काका तीच घेऊन गेले आणि वडिलांच्या नावाने बुडाले.

हितेंद्रला पटलं. अशी प्रकरणं त्याने पाहिली होती. पण नाव बदलायचं तर गंगाधरला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा जबाब हवा. "तुम्ही तर तेव्हा रांगत असाल, काका," तो म्हणाला.

घरी बायकोने, राधाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाल्या, की रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसला तर तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि आता दगडावरची नावं बदलायला निघालात. दत्तारामांना ते खरंच वाटलं. छापखान्यात जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, त्याही समासात, पेन्सिलीने. आपलंच चुकत असेल, असं त्यांना नेहमी वाटे. या वेळी मात्र वाटत नव्हतं. ज्याला गावात चौथरा नाही, ज्याचा घरात फोटो नाही, त्या माणसाला निदान स्वतःचं नाव तरी मिळायला हवं होतं.

गंगाधरला पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं. शेवंतीकाकी, त्यांची बायको. सोळाव्या वर्षी विधवा झाली ती फणसवाडीत भावाकडे आली, आणि आता शंभरीला टेकली तरी तिथेच, भाच्याच्या घरात होती.

दर दिवाळीला वडील लहानग्या दत्तारामला तिथे नेत. स्वतः जिन्यातच थांबत, लुगडं त्याच्या हातात देऊन त्याला आत पाठवत. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीसमोर जायचं नसतं, असं आई सांगे. भावाच्या जाण्याने ते फारच खचले असावेत. त्यानंतर गणपतीलासुद्धा ते कधी गावी गेले नाहीत. एकुलत्या एका मुलाशीही मोजकंच बोलत. पाळीवरून येत, जेवत, आणि वळकटी घेऊन गॅलरीत झोपायला जात.

काकी खिडकीशी वाती वळत बसली होती. दत्तारामांनी लिहून आणलेला जबाब मोठ्याने वाचला, सावकाश, कारण तिला कमी ऐकू येई. मग अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला.

"आता कुणाचं नाव हाय तिथं?" तिने विचारलं.

"बाबांचं. चुकून."

"मग ऱ्हाऊ दे."

दत्तारामांना वाटलं, तिला समजलं नाही. त्यांनी नळीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती वाती वळत राहिली. पाटी बघायला गाडीने नेतो, नावावरून हात फिरवता येईल, असंही सांगून झालं. काकीने पॅडचं झाकण लावलं.

एरवी ते उठले असते. आज उठले नाहीत.

"काकी, मी तुम्हाला कधी उलटून बोललो नाही," ते म्हणाले. "पण हे नाव बदलल्याशिवाय मी जाणार नाही. तुम्ही सोळाव्या वर्षी कुंकू पुसलंत. ते ज्याच्यासाठी पुसलंत, त्याचं नाव सांगायला कसली भीती?"

काकीने वात खाली ठेवली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही.

"नाव बरोबर हाय, दत्ता. बोटीवर थोरलेच गेले. गिरणीतली जागा जाऊ नये म्हणून आपल्या नावावर धाकट्याला उभं करून गेले. मग तार आली. खरं सांगितलं असतं तर जागा गेली असती, खोली गेली असती. आणि तुझ्या आईच्या पदरात तू. मी कुंकू पुसलं ना, तेव्हा हे माझ्यासमोरच उभे होते. तुला कडेवर घेऊन."