बटण आत घेतलं

खोटं कशाला बोला, नवागाममधल्या पुष्पाबाईच्या न्हाणीघराला खिडकी नव्हती आणि दिव्याचं बटण होतं दाराबाहेर. बाईनं अंगाला साबण लावला की नेमका तेव्हाच दिवा जायचा. संशय धाकट्या जावेवर, सुषमावर. त्या वेळी घरात दुसरं असायचं कोण?

"मी नाही व बाई," सुषमा शपथा घ्यायची. "माझे हात तर पिठात असतात."

"पिठातलेच हात लांब पोचतात!"

पंच्याण्णवच्या दिवाळीआधी न्हाणीघरात नव्या टाइल्स बसल्या. पुष्पाबाईनं वायरमनकडून बटण आत घेतलं आणि बाहेरचं भोक सिमेंटनं बुजवलं.

"आता दिवा जायचा थांबला की चोर तूच," तिनं जावेला बजावलं. "मग चुली वेगळ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आतून कडी घातली, दिवा लावला, साबण चोळला.

टक्. अंधार.

"सुषमे!"

"काय व बाई?" आवाज स्वयंपाकघरातून आला. भाकरीची थपथप चालूच होती.

पुष्पाबाईनं भिंत चाचपत बटण खाली दाबलं आणि दाबूनच धरलं. दिवा लागला. न्हाणीघरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

मग तिच्या बोटाला रेटत बटण सावकाश वर येऊ लागलं.